तालयंत्राची यादी आणि यादीतली जात

समीक्षेने छापील पुस्तकापुरते राहावे असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. कविता, कथा, आत्मकथन, फार तर नाटक. त्यापलीकडे समीक्षकाने पाऊल टाकले की त्याचे लिहिणे 'समाजशास्त्र' म्हणून बाजूला सारले जाते. हा दंडक ज्यांनी घातला त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या होत्या. आमच्या घरांत ढोल होता, डफडे होते, त्यावर ताणलेले चामडे होते. आमचे पूर्वज काय म्हणत होते हे पुष्कळदा कागदावर सापडत नाही, ठेक्यात सापडते. म्हणून ठेका घडविणाऱ्या एका साधनाची येथे समीक्षा करावयाची आहे. हे साधन म्हणजे संगणकावर आणि आता मोबाईलवर चालणारे, तालाच्या आकृती तयार करून देणारे सॉफ्टवेअर.

यंत्राची कसली समीक्षा, असे कोणी विचारील. परंतु या यंत्रात कोणता आवाज ठेवायचा, कोणता वगळायचा आणि ठेवलेल्याला काय नाव द्यायचे हे कोणीतरी ठरविलेले असते. जेथे निवड आहे तेथे मूल्य आहे, आणि मूल्य जेथे आहे तेथे समीक्षेला काम आहे.

आमचे नाटे हे राजापूर तालुक्यातले किनाऱ्यावरचे गाव. गावात यशवंतगड, खाडीपलीकडे जैतापूर, पुढे अणुप्रकल्पामुळे देशभर नाव झालेले माडबन. या पट्ट्यातल्या आमच्या वस्त्यांतून मार्च संपत आला की पोरे मोबाईल घेऊन ठेके जुळवू लागतात. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी नवे गाणे हवे असते. हीच पोरे गणपतीत बेंजो पार्टीत पॅड वाजवितात आणि त्या पॅडमध्ये भरायचे 'टोन' एकमेकांना फोनवरून पाठवितात. कोणाच्या घरी ढोलकी नाही, हलगी तर नाहीच. तरी त्यांच्या गाण्यात हलगी कडाडते. ही हलगी येते कोठून आणि येताना काय मागे टाकून येते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम यंत्र कसे चालते ते पाहू. पडद्यावर चौकटींच्या ओळी असतात, बहुधा एका ओळीत सोळा चौकटी. प्रत्येक ओळ एका वाद्याची. ज्या चौकटीवर बोट ठेवावे तेथे आघात होतो, मोकळ्या चौकटीत शांतता. सोळावी चौकट संपली की पुन्हा पहिली. १९८० साली जपानच्या रोलँड कंपनीने काढलेल्या 'टीआर-८०८' या तालयंत्रावर अशीच सोळा बटणे होती. त्याचे आवाज खऱ्या ढोलासारखे नाहीत म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली आणि १९८३ पर्यंत त्याचे उत्पादन थांबले. पुढे जुन्या बाजारात स्वस्त मिळणारे हे यंत्र अमेरिकेतल्या काळ्या तरुणांनी उचलले आणि त्यावर आपले नवे संगीत उभे केले. यंत्र कोणासाठी केले आणि ते कोणी आपले केले, यांत अंतर पडू शकते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आताची सॉफ्टवेअरे याच्या एक पाऊल पुढे आहेत. आपण फक्त दोन आकडे सांगायचे: चौकटी किती आणि आघात किती. आघात कोठे पडावेत हे यंत्रच ठरविते. आठ चौकटींत तीन आघात सांगितले तर ते शक्य तितक्या सारख्या अंतरावर बसविते. आठाला तिनाने पूर्ण भाग जात नाही, म्हणून अंतरे येतात तीन, तीन आणि दोन. पहिल्या, चौथ्या आणि सातव्या चौकटीवर आघात. ही वाटणी करण्याची जी रीत आहे तिचे मूळ युक्लिड या प्राचीन ग्रीक गणितज्ञाच्या मसावि काढण्याच्या रीतीशी जुळते, हे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले गणिती गॉडफ्रीड तूसाँ यांनी २००५ साली दाखविले. त्यांनी ज्या सूत्राचा आधार घेतला ते सूत्र ई. ब्योर्कलुंड यांनी अणुविज्ञानातल्या एका न्यूट्रॉन यंत्रणेतील स्पंदांची वेळ बसविण्यासाठी मांडले होते. तूसाँ यांच्या ध्यानात आले की या एका सूत्रातून जगातले कितीतरी पारंपरिक ठेके, विशेषतः आफ्रिकेतले, आपोआप निघतात. शोध खरोखरच सुंदर आहे. त्यानंतर सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी तो उचलला आणि या ठेक्यांना नाव पडले, 'युक्लिडियन ताल'.

येथे वाचकाने थांबावे. तीन-तीन-दोनचा हा ठेका क्यूबात 'त्रेसिलो' म्हणून ओळखला जातो. तो तेथे युक्लिडाच्या ग्रंथातून गेलेला नाही. आफ्रिकेतून जहाजांच्या तळाशी साखळदंडात नेलेल्या माणसांबरोबर तो गेला. त्यांच्याजवळ वाद्य नव्हते, ठेका अंगात होता. आज यंत्राच्या पडद्यावर त्या ठेक्याच्या डोक्यावर ग्रीक गणितज्ञाचे नाव आहे. यात तूसाँ यांचा दोष नाही, त्यांनी आफ्रिकेचे आणि क्यूबाचे नाव स्पष्ट घेतले आहे. दोष त्या सवयीचा आहे, जिला हातांनी केलेली गोष्ट डोक्याने सिद्ध होईपर्यंत ज्ञान वाटत नाही. ही सवय आपल्याला परकी नाही. आपल्याकडे तिला शास्त्र म्हणतात.

गुलामांच्या ढोलाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. १७३९ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात स्टोनो येथे गुलामांनी बंड केले. ते ढोल वाजवीत निघाले होते. बंड चिरडल्यावर १७४० साली जो कायदा झाला त्यात गुलामांनी ढोल, शिंगे यांसारखी मोठ्या आवाजाची वाद्ये बाळगण्यावर वा वाजविण्यावर बंदी आली. मालकाला ढोलाची भीती वाटली. आपल्याकडे उलट झाले. गावगाड्याने अस्पृश्यावर ढोल बंद केला नाही, ढोल त्याच्यावर लादला. लग्न पाटलाचे, वाजवायचे मांगाने. मिरवणूक देवाची, वाजवायचे महाराने, आणि देवाच्या पायरीला मात्र हात लावायचा नाही. दवंडीला तो, प्रेतापुढे तो. तेथे वाजवू नये असा कायदा होता, येथे वाजविलेच पाहिजे अशी रूढी होती. दोन्हीकडे एक गोष्ट समान: वाजवावे की न वाजवावे हे वाजविणाऱ्याने ठरवायचे नव्हते.

म्हणून आपल्या चळवळीतला नकार नीट समजून घेतला पाहिजे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद झाली. मेलेले जनावर ओढणे, मृतमांस खाणे, हीन मानलेली कामे करणे सोडा, हा संदेश तेथून कोकणातल्या वाड्यावाड्यांत गेला. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले, कारण १८७४ च्या कायद्याने ही गुलामगिरी सरकारी कागदावर पक्की करून ठेवली होती. हलकी वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. या तीस वर्षांत आणि त्यानंतर धर्मांतराच्या काळात कितीतरी घरांनी वाद्ये खाली ठेवली. माझ्या आजोबांनी ढोल सोडला तो याच काळात. घरात त्यानंतर ढोलाचे नावही निघत नसे. या नकाराची किंमत त्या पिढीने बहिष्कार सोसून, बलुते गमावून मोजली. त्या नकाराशिवाय आज मी महाविद्यालयात शिकवीत नसतो, हे लेखाच्या मध्यभागीच सांगितलेले बरे.

परंतु त्या पिढीने नेमके काय नाकारले? ठेका नाकारला असता तर आंबेडकरी जलसे झाले नसते. भीमराव कर्डकांपासून वामनदादा कर्डकांपर्यंतची सारी परंपरा तालावर उभी आहे. तमाशाची ढोलकी तीच राहिली आणि तिच्यावर समतेचा विचार गाइला गेला. नाकारली ती सक्ती. वाजविणाऱ्याचे हात त्याला परत मिळाले आणि त्या हातांनी काय करायचे हे त्याने ठरविले. तमिळनाडूत याचीच दुसरी बाजू दिसते. तेथे 'पराई' या वाद्यावरून एका जातीचे नाव पडले आणि त्या नावावरून इंग्रजीत बहिष्कृत या अर्थाचा शब्द गेला. तेथे अंत्ययात्रेत पराई वाजविण्यास नकार देणाऱ्या दलितांनी मार खाल्ला आहे, आणि तेथल्याच दलित कलापथकांनी तीच पराई स्वेच्छेने मंचावर आणून आत्मसन्मानाचे वाद्य केले आहे. नकार आणि स्वीकार येथे परस्परविरोधी नाहीत. दोन्हींत निर्णय वाजविणाऱ्याचा आहे.

या कसोटीवर आता यंत्र घासून पाहू. यंत्राच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. पडद्यावरची हलगी वाजवायला कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. चौकटीवर बोट ठेवणाऱ्याची जात चौकटीला कळत नाही. कातडे नाही, म्हणून विटाळ नाही. आमच्या वस्तीतली मुलगीही ठेका बांधू शकते. ज्या परंपरेत बाई नाचे आणि पुरुष वाजवी, तिच्यात ही लहान गोष्ट नव्हे. यंत्राला नावे ठेवणाऱ्या रसिकांनी हे विसरू नये. 'मातीचा गंध गेला' म्हणून हळहळणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी हलगी वाजविणारा ओटीवर बसून चहा प्याला आहे, हेही त्यांनी सांगावे.

परंतु यंत्राची यादी पाहिली की दुसरी बाजू दिसते. १९९१ साली संगीतयंत्रांसाठी 'जनरल मिडी' नावाची सामायिक यादी ठरली. कोणत्याही कंपनीचे यंत्र असो, अमुक क्रमांकाला अमुक वाद्य वाजावे असा हा करार. त्यात १२८ वाद्ये आहेत आणि तालवाद्यांचे वेगळे ४७ आवाज आहेत. भारतातून सतार आहे, सनई आहे. तालवाद्यांत बोंगो, कोंगा, अगोगो, ब्राझीलची कुइका आहे. म्हणजे गुलामांच्या वंशजांची वाद्ये आहेत, कारण त्यांच्या संगीताने स्वतःच्या बळावर अमेरिकेच्या बाजारात जागा मिळविली होती. भारताचे एकही तालवाद्य त्या ४७ आवाजांत नाही. तबला नाही, मृदंग नाही, ढोलकी नाही, मग हलगीचा प्रश्नच येत नाही. मैफल आणि मंगलकार्य यांच्या पलीकडचा भारत त्या यादीला माहीतच नव्हता.

ही उणीव पुढे भारतीय कारागिरांनी भरून काढली. बंगळुरूच्या रॅडेल कंपनीची 'तालमाला' गायकांच्या घरोघर गेली. मोबाईल आल्यावर 'आयतबला प्रो'सारखी साधने आली. त्रिताल, झपताल, रूपक, एकताल. प्रत्येकाला नाव, मात्रा, सम, खाली, बोल. रियाज करणाऱ्याला यांचा मोठा उपयोग आहे. मात्र आमच्या पोरांच्या मोबाईलवर जे एक स्वस्तातले ठेकायंत्र आहे त्यात शास्त्रोक्त तालांना नावे आहेत आणि खालच्या कप्प्यात 'फोक १', 'फोक २', 'फोक ३' आहे. फोक २ उघडले की हलगी वाजते. कोणत्या जिल्ह्याची, कोणत्या प्रसंगाची, कुस्तीच्या फडातली की वरातीतली, काही नाही. ज्याने ती वाजविली त्याचे नाव नाही. त्याला त्या दिवशी काय मिळाले याची नोंद नाही. यंत्राला जात नाही हे खरे, पण ज्यांनी यादी केली ते गावाच्या रचनेतून आले होते. वर नाव असलेले, खाली क्रमांक असलेले.

हे असेच व्हावे लागते असे नाही. याचा पुरावा याच क्षेत्रात आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी बर्नार बेल हे फ्रेंच अभियंते आणि जेम्स किपन हे संगीताचे अभ्यासक यांनी 'बोल प्रोसेसर' नावाचे सॉफ्टवेअर केले. तबल्याच्या कायद्याचे पलटे कोणत्या नियमांनी होतात ते व्याकरणासारखे मांडायचे, त्या नियमांतून यंत्राने नवे पलटे करायचे आणि ते लखनौचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्यापुढे ठेवायचे. उस्ताद म्हणतील की हे चालेल, हे आमच्या घराण्यात बसत नाही. मग नियम दुरुस्त करायचे. येथे यंत्र शिष्याच्या जागी आहे आणि वाजविणारा परीक्षकाच्या. त्याचे नाव लपलेले नाही, त्याचा निर्णय अंतिम आहे. ताल तयार करणाऱ्या यंत्राची याहून सुसंस्कृत रीत मला माहीत नाही.

आणि हेच बर्नार बेल पुढे पुण्यात एका वेगळ्या कामात दिसतात. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी मावळातल्या आणि अन्य भागांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम उभे केले होते. नव्वदच्या दशकात बेल त्यात आले, ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले, संगणकावर त्यांची मांडणी झाली. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हा संग्रह लोकांपुढे आणीत आहे. बाबासाहेबांवरच्या दलित बायांच्या ओव्या त्यात आहेत. प्रत्येक ओवीखाली गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव, तालुका, जात, व्यवसाय आहे. दळणाच्या वेळी गाइलेली ओळ, जिला कोणी साहित्य म्हटले नव्हते, तिला कर्तीचे नाव मिळाले. तबल्याच्या उस्तादाला जो मान यंत्राने दिला तोच मान जात्यावरच्या बाईला देता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. मग हलगीला 'फोक २' का?

कोणी म्हणेल, जातीची नोंद केली तर वाद्य पुन्हा जातीला चिकटेल. ही शंका खोटी नाही. परंतु नाव पुसल्याने जात पुसली जात नाही, फक्त श्रेय पुसले जाते. नोंद करावी ती वाजविणाऱ्याला विचारून, तो सांगेल तेवढी. नाव आणि गाव हवेच. बाकीचे त्याच्या मर्जीवर. मर्जी हाच तर सारा मुद्दा आहे.

आता सर्वांत अवघड गोष्ट, जी आपल्यालाच सांगावयाची आहे. आपण बौद्धांनी वाद्य सोडले आणि शिक्षणाची वाट धरली. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागांत हलगी आजही मुख्यतः मातंग बांधवांच्या हातात आहे आणि अनेकांचे पोट तिच्यावर आहे. त्यांतले काही नाइलाजाने वाजवितात, काही अभिमानाने, पुष्कळसे दोन्हींनी. आपल्या मिरवणुकीत पूर्वी असा एखादा संच बोलावला जाई, त्याला सुपारी मिळे. आता पोरे फोक २ लावतात आणि मोठे ध्वनिक्षेपक भाड्याने आणतात. ध्वनिक्षेपकाच्या मालकाला पैसे मिळतात, हलगीचा आवाज मिळतो, हलगीवाला मात्र मिरवणुकीत नसतो. समतेच्या महामानवाच्या जयंतीला आपण हलगीतून तिचा माणूस वगळतो आणि त्याला प्रगती म्हणतो. गावगाड्याला त्याचे हात हवे होते, माणूस नको होता. आपल्याला तर हातही नकोत. हा प्रश्न यंत्र करणाऱ्या कंपनीला विचारता येणार नाही. तो आपल्याला एकमेकांना विचारावा लागेल.

याचा अर्थ पोरांनी मोबाईल टाकून द्यावेत असा नाही. सोळा चौकटी वाईट नाहीत, त्या अपुऱ्या आहेत. हलगी शेकोटीवर तापवून घेतात. वाजता वाजता कातडे निवते, आवाज उतरतो, मग पुन्हा शेक. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी, आणि दोन्ही आघातांमध्ये जे केसभर मागेपुढे होते ते कोणत्याही चौकटीत नेमके बसत नाही. यंत्र ते ओढून चौकटीत आणते आणि त्याला दुरुस्ती म्हणते. वाजविणाऱ्याच्या दृष्टीने ती दुरुस्ती नसून खोडणे आहे. तबल्याच्या पलट्यात खोट काढायला उस्ताद होते. हलगीच्या ठेक्यात 'हे चुकले' म्हणायला यंत्राजवळ कोणी बसलेले नाही. बसविण्याचे काम आपले आहे.

ते काम मोठ्या संस्थेची वाट पाहणारे नाही. आमच्या राजापूर तालुक्यात खालूबाजाचे ढोल वाजविलेली, आता सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत. त्यांतल्या काहींना त्या दिवसांविषयी बोलायचे नसेल. त्यांच्या मौनाचा मान राखावा. जे बोलतील त्यांचे ठेके पोरांनी मोबाईलवरच मुद्रित करावेत, खाली नाव आणि गाव लिहावे, कोणत्या प्रसंगी वाजवीत आणि कधी, कशासाठी सोडले तेही लिहावे. सोडल्याची तारीख ही त्या ठेक्याच्या इतिहासाचाच भाग आहे. हे मुद्रण यंत्रात भरले तर यादीत एक ओळ अशी येईल जिला क्रमांकाऐवजी माणसाचे नाव असेल. मग त्यावर पोरांनी वाटेल ते नवे गाणे बांधावे. आणि चौदा एप्रिलला ध्वनिक्षेपकाच्या भाड्यातला काही हिस्सा काढून घाटावरचा एक हलगीसंच सन्मानाने बोलवावा, ठरलेले मानधन आधी द्यावे, मिरवणुकीनंतर त्यांच्यासह पंगतीला बसावे, आणि त्यांना विचारावे की आमच्या मोबाईलमधला ठेका कोठे चुकतो.